त्रेसष्टचा आकडा

पानं पिवळी पडायला लागली की आमच्या घरात सीझन सुरू होतो. इथं अमेरिकेत सीझन आंब्याचा नाही की लग्नांचा नाही, फुटबॉलचा, हेल्मेट घालून खेळतात त्या. श्री, म्हणजे माझा नवरा, रविवारी सकाळी अंगणातली पानं गोळा करून पिशव्यांत भरतो, आंघोळ करतो आणि बरोबर एक वाजता चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसतो. मला आत बोलवायचं त्यानं कधीच सोडून दिलंय. मी स्वयंपाकघरात असते. मॅच बघत नाही, पण ऐकू येतेच. समालोचकांचा आरडाओरडा मी कानाआड करू शकते. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज मात्र अजून करता येत नाही. तो आवाज आला की हातातली सुरी थांबते आणि पुढचा कांदा जाड चिरला जातो.

आधीच सांगून टाकते, मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणायची, हिच्या पोटात गेलेलं काही विरघळत नाही. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी कुणीतरी क्षमेवर प्रवचन देतं. सगळे माना डोलावतात, मीही डोलावते आणि मनातल्या मनात एकच नाव घोळवत बसते. डॉक्टर हॅलोवेल. तीसेक वर्षं मी ते नाव जपलं. लोणच्याच्या बरणीला जपावं तसं, ओला हात न लावता.

ती गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या एका शरद ऋतूची. मी नागपूरहून एमबीबीएस करून आलेली, डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूविकारांची रेसिडेन्सी करत होते. श्री गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. जवळच्या ट्रॉय गावात दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आमचा संसार होता. सप्टेंबरच्या अखेरीलाच अशी थंडी पडायची की पार्किंगपासून वॉर्डपर्यंत चालताना माझे कान दुखायचे. साडीवर कोट घालायचं मी पहिल्याच हिवाळ्यात सोडलं होतं, पण पँटची सवय झाली नव्हती. सारखं कुणाचे तरी कपडे घातल्यासारखं वाटायचं. इंग्रजी बोलतानाही तसंच वाटायचं.

एका रविवारी संध्याकाळी इमर्जन्सीतून बोलावणं आलं. शहराच्या टीमचा एक खेळाडू मैदानावर कोसळला होता. मी गेले तर पलंगावर माणूस नव्हताच, एक भिंत आडवी घातली होती. पाय पलंगाबाहेर, खांदे दोन्ही बाजूंनी कठड्यांवर. नाव वेंडल. मिशिगनच्या उत्तरेकडे अंगठ्यासारखी जमीन तळ्यात शिरलीय, तिथल्या बीटाच्या शेतावरचा. बीट म्हणजे साखरेचं, आपल्या उसासारखं कारखान्याला जाणारं. त्याच्या हातांची दहा बोटं दहा दिशांना होती. एकेक बोट धरून मी विचारत गेले, हे कधी मोडलं, हे कधी. आणि तो शाळेतली हजेरी द्यावी तसा शहरांची नावं सांगत गेला.

त्याच्या सोबत आलेल्या खेळाडूनं सगळं पाहिलं होतं. धडक बसली, वेंडल उठला, चार पावलं चालला आणि पडला. हातपाय झटकत होता, डोळे वर गेले होते, दोन मिनिटं. पुढं अर्धा तास आपण कोण ते त्याला सांगता येत नव्हतं. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मी पेन काढलं आणि नागपूरला शेकडो वेळा लिहिलं होतं तसं लिहिलं. फिट ऑन फील्ड. दोन मिनिटं. सोबत्यानं पाहिली.

फिट आली. मैदानावर फिट आली. आपल्याकडे शेंबड्या पोराला कळेल.

घरी येऊन श्रीला सांगितलं की आज एक लाइनमन आलाय. माझ्या डोळ्यांसमोर वीज मंडळाचा, खांबावर चढलेला लाइनमन. श्री पोट धरून हसला. मग त्यानं जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या. मधे मिठाची बाटली, तो बॉल फेकणारा. त्याच्यापुढं पाच वाट्या, ते त्याचं रक्षण करणारे. आणि समोर चार पेले, त्यातला एक वेंडल. पेल्यानं वाट्या फोडून मिठाच्या बाटलीपर्यंत पोचायचं, बस. बॉल त्याच्या हातात कधी येत नाही. वाटीनं पेल्याला ढकलायचं, पेल्यानं वाटीला. दर अर्ध्या मिनिटानं पुन्हा हात जमिनीला टेकून बसायचं, बॉल हलला की पुन्हा डोकं आपटायचं. असं दिवसाला साठ वेळा, सीझनला सोळा रविवार. वेंडलनं असे आठ सीझन काढले होते. पहिला सगळा बाकावर, दुसऱ्यात कुणीतरी जखमी झालं म्हणून संधी मिळाली, ती त्यानं सोडली नाही. मधे एकदा टीम बदलली, मग आपल्याच राज्यात परत आला. त्याचे वडील ट्रॅक्टरवर रेडिओ लावून त्याची मॅच ऐकायचे. रेडिओवर त्याचं नाव क्वचितच येई, म्हणून त्यांनी नावाऐवजी गर्दीचा आवाज ऐकायला शिकून घेतलं होतं.

सोमवारी मी त्याला सांगितलं की निदान सहा आठवडे मैदानाचं तोंड बघायचं नाही. तो हसला. पलंगाच्या कठड्याला त्यानं पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला होता. तो दाखवून म्हणाला की हे बघ. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात; पण वेंडलचं बोलणं पहिल्या दिवसापासून माझ्या कानांना 'तू' असंच ऐकू आलं आणि हॅलोवेलचं कायम 'तुम्ही'.

पट्टीवर आकडे होते. शर्टांचे नंबर. ज्यांचं उट्टं काढायचं राहिलंय त्यांचे. काढलं की खोडायचं, पुढच्या रविवारी नवी पट्टी, उरलेले आकडे तिच्यावर. बहुतेक खोडले होते. एकच राहिला होता, त्रेसष्ट. गेल्या वर्षी एकानं वेंडलला वरून मिठी मारून धरलं आणि त्या त्रेसष्टनं खालून गुडघ्यांवर झेप घेतली होती. खेळात याला बंदी आहे, पण पंचानं बघितलं तरच. हिवाळाभर वेंडल कुबड्यांवर होता.

"घाई करायची नाही, डॉक," तो म्हणाला. "आपल्या गटातला प्रत्येक जण वर्षातून दोनदा समोर येतोच. वेळापत्रकातच असतो."

या वर्षी त्रेसष्ट पहिल्यांदा समोर आला तेव्हा वेंडल मांडी आखडल्यामुळे बाकावर होता. दुसऱ्यांदा येणार होता पुढच्या रविवारी.

मला हा माणूस आवडला. मला हिशोबाची माणसं आवडतात, मनात ठेवणारी. खेळणार तर तो नव्हताच, मी माझ्यापुरतं ते ठरवून टाकलं होतं. म्हणून मंगळवारी मी गंमत केली. आमच्याकडे वैर असलं की छत्तीसचा आकडा म्हणतात, असं मी त्याला सांगितलं आणि नव्या पट्टीवर आपल्या लिपीत काढून दाखवलं. ३६. बघ, दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलीय. आणि तुझा हा त्रेसष्ट. ६३. समोरासमोर, नाकाला नाक लावून. वेंडलनं पट्टी उजेडात धरली. खूप वेळ बघत राहिला आणि म्हणाला की हे तर लाइनचंच चित्र आहे. त्यानं छत्तीस फाडून टाकला आणि ६३ मनगटावर चिकटवला. तो मी लिहून दिला होता, हे मला विसरायचं नाहीये. या लेखात सगळ्यांची खरडपट्टी होणार, तर माझीही व्हायला हवी.

बुधवारी टीमचे डॉक्टर आले. हॅलोवेल. उंच, केसांना भांग, हसणं असं की समोरच्याला आपणच काहीतरी बावळटपणा केलाय असं वाटावं. आमचे विभागप्रमुख त्यांच्याबरोबर होते. टीमचे खेळाडू आपल्या हॉस्पिटलात येतात याचा त्यांना केवढा अभिमान. मेंदूचा आलेख स्वच्छ आला होता. तो स्वच्छ आला म्हणजे फिट आलीच नाही असं होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. हॅलोवेलनी कागदांची चळत चाळली, माझं पान वर काढलं आणि प्रमुखांपुढं धरलं.

"तुमच्याच डॉक्टरनं लिहिलंय. फिट, ऑन फील्ड. मैदानासाठी तंदुरुस्त."

प्रमुख हसले. मी म्हटलं, सर, त्याचा अर्थ तसा नाही. हॅलोवेलनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "हे तुमचंच अक्षर ना?" मी हो म्हटलं. प्रमुख माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की डॉक्टर, यापुढे जरा इथल्या इंग्रजीत लिहीत जा. दोघं पुढं गेले. कॉरिडॉरमध्ये फरशीला नुकतं पॉलिश केलेलं होतं, त्याचा वास येत होता.

मागं धावता आलं असतं. ओरडता आलं असतं. मी मूग गिळून उभी राहिले. रागापेक्षा मोठी होती लाज, माझ्या इंग्रजीची. एवढ्या लांब येऊन, एवढ्या परीक्षा देऊन, एका तीन अक्षरी शब्दात मी एका माणसाला खड्ड्यात घातलं, असं मला वाटत होतं. घरी श्रीला सांगितलं. तो म्हणाला, "यार, रेसिडेन्सी संपू दे आधी. ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. आत्ता कुणाशी पंगा नको." त्याचं चुकलं नव्हतं. म्हणूनच त्याच्यावरही मी वर्षभर खार खाऊन होते.

वेंडल गुरुवारी गेला. जाताना मी त्याला पुन्हा म्हटलं की खेळू नकोस. त्यानं नुसतं मनगट वर करून दाखवलं.

त्या रविवारी आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जमली होती. दिवाळी जवळ आलेली, चकल्यांच्या तळणाचा वास खोलीभर. आयुष्यात पहिल्यांदा मी मॅच बघायला बसले. छताखालचं मैदान, खोटं हिरवं गवत. वेंडलनं हात जमिनीला टेकला आणि त्याच्यासमोर त्रेसष्ट नंबर बसला. पहिल्या धडकेतच त्रेसष्ट दोन पावलं मागं गेला. दुसऱ्यात बाजूला फेकला गेला. मग एकदा वेंडलनं त्याला असा उचलून आपटला की मिठाची बाटली त्याच्याखाली सापडली. स्टेडियम उठून उभं राहिलं. मीही उभी राहिले, हातात झारा. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कॅमेऱ्यानं मनगट जवळून दाखवलं आणि आमच्यातले एक काका चकली खाता खाता थांबले. अरे, ते आपलं त्रेसष्ट आहे का? श्रीनं माझ्याकडे बघितलं.

चौथ्या भागात, कुणी हात लावलेला नसताना, वेंडल पडला.

तो पडला आणि झटके सुरू झाले. खेळ थांबायच्या आत मागून ढकलला गेलेला त्रेसष्ट त्याच्या उजव्या पायावर आडवा कोसळला. गुडघा ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळला. समालोचकाचा आवाज बारीक झाला. काकूंनी विचारलं, "अगं, काय झालं त्याला?" मी म्हटलं, "फिट आली." खोलीतल्या एकानंही मला अर्थ विचारला नाही.

वेंडलचं करिअर तिथं संपलं. आठ सीझन आणि एक रविवार. हॅलोवेल पुढं कितीतरी वर्षं टीमबरोबर होते. त्यांचा फोटो पेपरात यायचा, खेळाडूंच्या खांद्यावर हात ठेवलेला. मी तो बघायची आणि पान उलटायची. त्यानंतर मी आयुष्यात कुठल्याही कागदावर फिट लिहिलं नाही. 'सीझर' लिहायची, फिटला इथल्या इंग्रजीत म्हणतात तो शब्द, स्पेलिंग दोनदा तपासून. तरी दर वेळी पेन अडखळायचं, आणि अडखळलं की ते हसणं आठवायचं. वर्षातून दोनदा समोर येतोच, असं मी स्वतःला सांगत राहिले.

वेंडल शेतावर परतला, माझा पेशंट झाला आणि राहिला. दर ऑक्टोबरात बीटाची काढणी सुरू झाली की एक दिवस सुट्टी घेऊन तीन तास बसनं यायचा, गोळ्यांची तपासणी करून घ्यायला. डॉक्टरकडे रिकाम्या हातानं काय जायचं म्हणून खायच्या लाल बीटांची एक गोणी घेऊन यायचा. मी त्याची कोशिंबीर करायची, दह्यातली, वर हिंग-मोहरीची फोडणी. एकदा डब्यात घालून त्याला दिली तर त्यानं गुलाबी दह्याकडे संशयानं बघितलं आणि सगळी संपवली. पाय ओढत चालायचा. त्या आठवड्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचं, तो मला माफ करून गप्प बसलाय.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, माझ्या क्लिनिकमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले. शेजाऱ्यानं गाडीतून आणून सोडलं होतं. फाइलवरचं नाव वाचून मी दार बंद केलं, पाणी प्यायले आणि मगच त्यांना आत बोलावलं. उंची कमी झाली होती, भांग तसाच. स्वयंपाकघरात चहा करताना फिट आली होती. मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखतील कसे, त्यांनी मला पाहिलंच कधी होतं?

त्यांना गाडी चालवायची परवानगी हवी होती. बायको वृद्धाश्रमात होती, स्मृती गेलेली. नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं, पण रोज चार वाजता तो येतो एवढं तिला माहीत होतं. चार वाजून गेले की ती दारापाशी जाऊन उभी राहायची. शेजारी फक्त बुधवारी नेऊ शकत होता, आश्रमाची गाडी नव्हती, मुलं दूरच्या राज्यांत. इथं नियम असा की फिट आली की सहा महिने गाडी बंद. पण फॉर्मवर अपवादाचा एक रकाना असतो. डॉक्टरनं कारण लिहून शिफारस केली तर ऐकतात. कितीतरी जणांना मी ती करून दिली होती. खरं सांगते, ते दारापाशी उभं राहणं ऐकून माझा हात त्या रकान्याकडे गेला होता.

पण आधी वरचा रकाना भरायचा होता, काय झालं त्याचा. तीस वर्षं वाट बघितलेली बाई मी. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, फिट, किचनमध्ये, शेजाऱ्यानं पाहिली, आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. वाचू दे. अडखळू दे. विचारू दे अर्थ.

ते वाचून हसले. या वेळी साधं, म्हाताऱ्या माणसाचं हसणं. "हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला," ते म्हणाले. "आमचे जुने प्रोफेसर असंच लिहायचे. फिट. चांगला, स्वच्छ शब्द होता."

पंख्याचा आवाज येत होता, बाहेर नर्स कुणाशी तरी फोनवर बोलत होती. म्हणजे यांना माहीत होतं. त्या बुधवारी, त्या पॉलिश केलेल्या कॉरिडॉरमध्ये, माझं पान वाचताना यांना शब्द कळला होता. माझं इंग्रजी चुकलं नव्हतं. मी तीस वर्षं स्पेलिंगं तपासत बसले, आणि चूक झालीच नव्हती.

अपवादाचा रकाना मी कोरा ठेवला. सहा महिने, मी म्हटलं. नियम आहे. ते आर्जवं करणारे नव्हते. कागदाची घडी घालून उठले, आभार मानले आणि शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला. श्रीनं कारण विचारलं तर म्हटलं, सहज.

ऑक्टोबरात वेंडल आला. मी त्याची वाटच बघत होते. त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, मिटक्या मारत. तो शब्द, तो कागद, तो कोरा रकाना. मला वाटलं, हा आता मनगट वर करेल. त्यानं गोणीचं तोंड बांधलेली सुतळी सोडली आणि परत बांधली.

"मलाही माहीत होतं, डॉक," तो म्हणाला. "आमच्या शेतावर एका म्हाताऱ्याला फिट यायच्या. आई त्याच्यासाठी चमचा जवळ ठेवायची. हॅलोवेलनं कागद माझ्या हातात दिला. मी विचारलं, यात काय लिहिलंय? तो म्हणाला, तुला काय लिहिलेलं हवंय?"



तो पुढं बोलत राहिला. हॅलोवेलनं विचारायला नको होतं, हे तर खरंच. तो डॉक्टर होता. पण उत्तर वेंडलनं दिलं होतं. त्रेसष्टला दुसऱ्या भागात आपटलं तेव्हा जे वाटलं ते किती टिकलं माहीत आहे का, असं त्यानं मला विचारलं. बॉल पुन्हा हलेपर्यंत. अर्धा मिनिट. पुढं तर तो त्रेसष्ट हॉस्पिटलात येऊन त्याच्या पलंगापाशी लहान मुलासारखा रडला होता. अजून नाताळाला त्याचं कार्ड येतं. मला हे काही ऐकायचं नव्हतं. एवढं जपलेलं, आणि ज्याच्यासाठी जपलं तोच हात झटकून मोकळा.

जाताना त्यानं विचारलं की हॅलोवेलची बायको अजून दारात उभी राहते का. मला काय माहीत, मी म्हटलं. त्या फॉर्मवर सही करून टाक, तो म्हणाला. मी म्हटलं, राहिलेत किती, चार आठवडे. नियम आहे.

"कागद तुझ्या बाजूनं आहे म्हणतेस," वेंडल म्हणाला. "त्याच्याही बाजूनं होता."

तो गेल्यावर मी फाइल काढली. रकाना कोराच होता, आणि पेन माझ्या हातात होतं. आता मला सगळं माहीत होतं. कोण किती दोषी, कुणी काय वाचलं, काय नाही. मी फाइल परत ठेवून दिली. राग नव्हता तेव्हा. चार आठवडे माझे होते आणि मला ते सोडवेनात, एवढंच. कॉरिडॉरमध्ये मी गप्प राहिले ते भीतीनं. हे तसं नव्हतं.

नोव्हेंबरात सहा महिने भरले त्याच दिवशी फॉर्म पाठवला. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. तंदुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, फिट.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात हॅलोवेल तपासणीला आले. स्वतः गाडी चालवत. झाडं पार उघडी झाली होती, पार्किंगमध्ये ओल्या पानांचा चिखल. मी त्यांच्यासमोर बसले, नाकाला नाक लावावं इतक्या जवळून त्यांच्या डोळ्यांत टॉर्च टाकला. गोळ्या चालू ठेवा म्हटलं. बायको कशी आहे असं विचारणार नव्हते, तरी विचारलं गेलं. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेली होती, मी फॉर्म पाठवायच्या आधी, एका गुरुवारी. म्हणजे आदल्या बुधवारी ते भेटून आले होते, मी मनात मोजलं. गुरुवारी चार वाजता ती दारापाशी होती, असं तिथल्या नर्सनं त्यांना सांगितलं होतं. ते हे सांगताना तक्रार करत नव्हते. नियम तो नियम, म्हणाले, मीही डॉक्टर होतो.

कोट घालताना ते थांबले. माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"आपण आधी कुठं भेटलोय का?"

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. वेंडलचं नाव, वार, कॉरिडॉर, पानावरची ओळ, सगळं ओळीनं. मी म्हटलं, "नाही."

खिडकीतून मी बघत राहिले. आमच्या पार्किंगमधून बाहेर पडलं की आश्रम डावीकडे, त्यांचं घर उजवीकडे. चार वाजायला आले होते. गाडी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि तिचा डावीकडचा दिवा लुकलुकायला लागला. रस्ता मोकळा होता. तरी गाडी हलेना. दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, मग बंद झाला, आणि गाडी उजवीकडे वळली.